चढ संपतो, दम टिकवायचा असतो

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण देगलूरच्या शाळेत मी कितीदा तरी वहीत लिहिली होती. तिचा खरा अर्थ मात्र वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळला, आणि तोही हैदराबादेत, पंजागुट्ट्याच्या उड्डाणपुलावर!

सून म्हणून मी सुलतान बाजारात आले त्याला वीस वर्षे उलटून गेली. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना हा बाजार नवा नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांची इथे नाती आहेत. जवळच मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी आहे. साड्यांच्या दुकानात आजही मराठी कानावर पडते. पण या गर्दीत चालायला जागा मिळणे मुश्किल, तिथे धावायचे कुठे?

तरी धावणे सुरू झाले, त्याला कारण माझी आई. २०२१ मध्ये मधुमेहामुळे तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याच वर्षी माझ्या रक्तातली साखरही काठावर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. घरी येऊन मी स्वतःच्या पायांकडे बराच वेळ बघत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून पहाटे बाहेर पडू लागले. आधी चालणे, मग चालता चालता थोडे धावणे, असे करत चार-पाच महिन्यांत दहा किलोमीटर जमू लागले. तेवढ्याने माझा उत्साह इतका वाढला, की २०२२ च्या ऑगस्टमधल्या हैदराबाद मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून मोकळी झाले.

मैत्रिणींनो, घाई नडली! हे शहर दख्खनच्या पठारावर, ग्रॅनाइटच्या खडकांवर वसलेले आहे. सपाट रस्ता असा फारसा नाहीच. हुसेनसागराच्या काठावरून शर्यत सुटते आणि थोड्याच वेळात खैरताबादचा उड्डाणपूल येतो. मग पंजागुट्टा, मग जुबिली हिल्स. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग उतरायचा असतो. तिथे निदान हिशेब सरळ असतो. इथे एक चढ संपला म्हणून हायसे वाटावे तोच दुसरा पुढे उभा! त्यात ऑगस्टची दमट हवा. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही.

पहिल्या पुलावर सगळे पुढे जात होते, म्हणून मीही जोर लावला. पंजागुट्ट्याला छातीचा भाता झाला. जुबिली हिल्सला पोटऱ्यांत गोळे आले. दुर्गम चेरुवूच्या केबल पुलापर्यंत कशीबशी पोचले आणि पुढे मागून येणाऱ्या गाडीत बसले. गाडीतून तोच रस्ता बघताना डोळे भरून आले. घरी कोणी काही बोलले नाही, त्याचे तर जास्तच वाईट वाटले.

चार दिवसांनी भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, “अगं, नौबत पहाडावर बिर्ला मंदिर नव्हतं बांधलं, तेव्हापासून मी या गावाचे चढ चढते आहे. चढाशी भांडायचं नसतं. तो कुठं पळून जातोय? तूच हळू जा की!”

हसू आले, पण पटले. माझ्या धावण्याच्या गटातल्या अनुभवी मंडळींनीही वेगळ्या शब्दांत हेच सांगितले होते. चढावर वेग धरून ठेवायचा नाही, दम धरून ठेवायचा. पावले आखूड टाकायची. कमरेतून वाकायचे नाही, सगळे अंगच किंचित पुढे झुकवायचे. हात मागे-पुढे हलवत ठेवायचे. नजर माथ्यावर नको, समोरच्या पंधरा-वीस पावलांवर हवी. शेजारच्याशी एक वाक्य बोलता येत नसेल तर सरळ चालायला लागायचे, त्यात कमीपणा नाही. आणि उतार दिसला म्हणून सुसाट सुटायचे नाही. उतारावर मांड्यांना मार बसतो, तो पुढच्या चढाला कळतो.

मग आठवड्यातून एकदा नौबत पहाड ठरला. आबिड्स, लाल बहादूर स्टेडियम असे करत आदर्शनगरला जायचे आणि तो चढ चढायचा. सुरुवातीला दोन वेळा, मग हळूहळू सहा वेळा. वर १९७६ साली उघडलेले पांढऱ्या संगमरवराचे मंदिर, खाली हुसेनसागर. पूर्वी इथे नौबत झडत असे म्हणून हे नाव पडले म्हणतात. मला तर तिथे माझ्या छातीतलीच नौबत ऐकू येई! परत येईपर्यंत सासूबाईंनी चहा टाकलेला असे आणि प्रश्न एकच, “आज किती वेळा?”

२७ ऑगस्ट २०२३. पुन्हा तोच काठ, तोच पूल. या वेळी पहिल्या पुलावर सगळे पुढे गेले, मी जाऊ दिले. पंजागुट्ट्याला चालले, माथ्यावर पुन्हा धावले. जुबिली हिल्सला पोटऱ्या कुरकुरू लागल्या तेव्हा मिठाचे पाणी घेतले आणि पावले आणखी आखूड केली. केबल पुलापुढे, गेल्या वर्षी जिथे गाडीत चढले होते, ती जागा आली. मन म्हणाले, बस झाले. मी त्याला म्हटले, समोरच्या खांबापर्यंत चल, मग बघू. तिथून पुढच्या खांबापर्यंत. असे खांब मोजत मोजत गच्चीबावलीचे स्टेडियम आले. तीन तासांहून जास्त वेळ लागला. माझ्या मागे फार थोडे लोक होते, पण गाडी रिकामीच आली, निदान माझ्यापुरती!

संध्याकाळी आईला फोन केला. तिने विचारले, “पाय दुखायलेत का बाई?”

“हो गं, जिना उतरता येईना.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दुखू दे. दुखायलेत म्हणजे हायेत.”

त्यानंतरच्या तपासणीत साखर काठाच्या अलीकडे आली होती. ती तिथेच राहील याची खात्री कोणी देत नाही, म्हणून पहाटेचा गजर अजून बंद केलेला नाही. वाचकहो, आपल्या गावातही एखादी टेकडी, एखादा चढाचा रस्ता असेलच. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग सुरुवात करा. हळूच जा. चढ कुठे पळून जात नाही.