फुप्फुसातला अदृश्य थर

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, दिवस भरण्याच्या साडेपाच आठवडे आधी. वजन सुमारे २.१ किलो. जन्मताच धाप लागली, म्हणून रुग्णवाहिकेने त्याला बोस्टनच्या बालरुग्णालयात हलवलं. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी असूनही छोटा पॅट्रिक ३९ तासच जगला.

त्याला कमी पडला तो एक थर, डोळ्यांना न दिसणारा. फुप्फुसांतले कोट्यवधी वायुकोश आतून ओले असतात. पाण्याच्या पृष्ठताणामुळे ते श्वास सोडताच ओल्या प्लास्टिक पिशवीसारखे मिटून चिकटू पाहतात. सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर हा ताण मोडतो. तो पुरेसा तयार होतो गर्भारपणाच्या साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यात. तो नसेल, तर बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो! बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी यांनी हे कारण १९५९मध्येच दाखवलं होतं. उपाय तेवढा हाती नव्हता.

तो अवचित गवसला, न्यूझीलंडमध्ये. प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात, हे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर तपासत होते. गर्भातच स्टिरॉइड मिळालेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं, की ते जगायलाच नको होतं. स्टिरॉइडमुळे ते चक्क श्वास घेत होतं! त्यातूनच १९७२मध्ये मातांना द्यायच्या स्टिरॉइड इंजेक्शनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८०मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं. काही तासांत त्यांचा श्वास सुधारला. आज हे औषध नवजात अतिदक्षता विभागात रोजच्या वापरातलं आहे.

पण तिथवर पोचायचं कसं? बाळाला हलवण्याआधी जाणकार पथक घाई करत नाही. आधी श्वास सावरायचा, रक्तातली साखर पाहायची, अंग ऊबदार करायचं, आणि मगच गाडी सुरू. गारठलेलं बाळ ऊब टिकवण्यात ऑक्सिजन खर्चून टाकतं. प्रवासातली काचेची पेटी नसेल, तर स्थिर असलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून न्यावं. मला याचंच सर्वांत नवल वाटतं.

त्याहून सुरक्षित वाहन एकच: आईचं पोट. म्हणून दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात प्रसूतीआधीच पोचा.