सगळ्या सांधेदुखीला ‘वात’ म्हणू नका

श्रोतेहो, करमाळ्याच्या कमलाभवानीला जाऊन आलेल्यांना तिथली ९६ पायऱ्यांची विहीर ठाऊक आहेच. समजा, त्या विहिरीच्या काठी दोन बायका घटकाभर टेकल्या आहेत. एक साठीची, दुसरी पस्तिशीची. थोरली म्हणते, “पायऱ्या उतरायच्या म्हटलं की गुडघ्यात कळ येते गं. वात धरलाय.” धाकटी म्हणते, “माझंबी तसंच हाय, मावशी. सकाळी मूठच वळत नाही. भाकरी थापायची म्हणजे ऊन वर यावं लागतं.” दोघींनी नाव एकच घेतले. मग थोरलीने आपली तेलाची बाटली धाकटीला देऊ केली.

दुखणी मात्र दोन वेगळी आहेत. थोरलीने महिनाभर तेल चोळले तर फारसे बिघडणार नाही. धाकटीने वर्षभर तेच केले तर तिची बोटे कायमची वाकडी होण्याची भीती आहे. म्हणून आज आपण या ‘वाता’ची फोड करणार आहोत.

आधी सांधा म्हणजे काय ते पाहू. दोन हाडे जिथे मिळतात तो सांधा. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा चालतो, खुबा उखळातल्या मुसळासारखा फिरतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्याच्या आतल्या अस्तरातून वंगण पाझरते. कूर्चा झिजली तर एक रोग, अस्तर सुजले तर दुसरा.

थोरलीचा रोग झिजेचा. वय, अंगाचे वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेली खुरपणी, ही त्याची कारणे. चालले की, पायऱ्या चढल्या-उतरल्या की दुखते. बसले की बरे वाटते. सकाळचा आखडलेपणा थोड्या वेळात जातो. झिजलेली कूर्चा परत आणणारे औषध अजून नाही; पण गुडघा सांभाळता येतो. वजन उतरवावे. उकिडवे बसणे टाळावे. काठी घ्यावी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरावा, मग खाली आणावा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार हलका होतो. निव्वळ अंथरुणात पडून राहणे हे औषध नव्हे, बरं का!

धाकटीचा रोग आमवात. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बायकांत तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि ऐन कामाच्या वयातही गाठतो. बहुधा दोन्ही हातांची मनगटे आणि बोटांची मुळे सारखीच सुजतात. सकाळचा ताठरपणा तास-तास टिकतो; विश्रांतीने वाढतो आणि कामाला लागल्यावर कमी होतो. असे सहा आठवडे चालले तर थांबू नये. हाडांचे नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच होऊ लागते. वेळेवर औषध मिळाले तर पुष्कळांचा रोग आवरतो आणि हात शाबूत राहतात. यावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बहुधा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. अधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते.

हा आमवात आपल्याकडे कितपत आहे? जेऊरला आगगाडीत बसून दौंडकडे निघालो की उजनीच्या फुगवट्याकाठचे भिगवण लागते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तेथे घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांना विचारले, तेव्हा ७४६ जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. त्यांतल्या पुष्कळांचे दुखणे स्नायू-शिरांचे होते; त्याखालोखाल झिजेचे. आमवात दर दोनशे माणसांत सुमारे एकाला. हे थोडे वाटेल. पण दोन हजार प्रौढांच्या गावात त्या हिशेबाने दहा माणसे झाली!

आणखी तीन दुखणी ओळखून ठेवा. रात्री एकाएकी पायाचा अंगठा लालभडक सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर रक्तातले यूरिक आम्ल वाढून त्याचे खडे सांध्यात साचले असण्याचा संभव असतो. दारूने हे वाढते. दुसरे, तापानंतरची सांधेदुखी. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले होते. तिसरे सर्वांत तातडीचे: एकच सांधा गरम होऊन सुजला आणि अंगात ताप आहे, तर आत पू झाला असेल असे समजावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून गेला, दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, आज गुडघा तर उद्या घोटा दुखू लागला, तर “वाढीचं दुखणं आहे” म्हणून सोडू नका. हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे पुढे बरे होतात. पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतले तर हा ताप उलटण्यास आळा बसतो. त्या दिवशी मूल गैरहजर राहिले तर रागावू नका. उलट तारीख चुकली तर आठवण करा.

शेवटी पुड्यांविषयी. बाजारात बिननावाची पुडी मिळते. घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस धावू लागतो. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दुखणे झाकले जाते, आतला रोग चालूच राहतो. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. फार दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका; डॉक्टरांना पुडी दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सोडा.

तेव्हा श्रोतेहो, घरात कुणी “वात धरलाय” म्हटले की तीन प्रश्न विचारा. केव्हा दुखते, कामाने की विश्रांतीने? सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? सांधा सुजला आहे का, ताप आहे का? ही उत्तरे घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा. विहिरीकाठच्या त्या धाकटीला कुणीतरी हे तीन प्रश्न विचारले, तर पुढच्या वर्षीही तिच्या हातची भाकरी गोलच होईल.