पिशवीत येण्याआधी बियाण्याची परीक्षा

आंबा घाटाच्या अलीकडचं, कोल्हापूर जिल्ह्यातलं मलकापूर आणि भोवतालचा शाहूवाडी तालुका म्हणजे मुसळधार पावसाचा भातपट्टा. इथे नवा वाण नुसता जास्त उतारा देऊन चालत नाही. करप्याला दाद न देणारा आणि वाऱ्यापावसात न लोळणारा हवा.

संकरातून निवडलेली ओळ आधी संशोधन केंद्राच्या शेतात पारखतात. मग ती वेगवेगळ्या ठिकाणी, निदान दोन-तीन हंगाम, प्रचलित वाणाशेजारी लावतात. प्रत्येक वाणाचे तुकडे शेतात चिठ्ठ्या टाकल्यासारखे विखुरलेले असतात, म्हणजे एखाद्याच्या वाट्याला फक्त कसदार जमीन येत नाही. फुलोऱ्याचे दिवस, फुटवे, रोगाची तीव्रता, उतारा, शिवाय तांदूळ भरडताना किती तुटतो, याची नोंद होते. ही शेवटची नोंद मला फार मोलाची वाटते, कारण कणी झालेल्या तांदळाला भाव मिळत नाही.

भातासाठी अशा देशव्यापी चाचण्यांची समन्वित योजना 1965पासून चालते. संशोधन केंद्रांतून आलेल्या वाणांपैकी आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातला ‘इंद्रायणी’ वडगाव मावळच्या केंद्रातला, तर ‘भोगावती’ कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राधानगरीच्या केंद्रातला.

प्रसारित झालेला वाण 1966च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचित झाला, तरच त्याचं बियाणं प्रमाणित होऊ शकतं. पैदासकार बियाण्याचं लेबल पिवळं, पायाभूतचं पांढरं, प्रमाणितचं निळं. पेरणीनंतरही लेबल, पावती आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. उगवण फसली तर तक्रारीला तोच पुरावा लागतो.