घाटावरचा कातळ, मुंबईचा बोगदा

मलकापूर किंवा शेगावहून रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरता येतं. तिथून पुढं वरळी, दादर किंवा विमानतळ गाठायचा असेल, तर ९ ऑक्टोबर २०२५ पासून टर्मिनसशेजारीच जमिनीखालून मेट्रो मिळते. कफ परेड ते आरे असा हा मार्ग साडेतेहतीस किलोमीटरचा. स्थानकं २७, त्यातलं आरेचं तेवढं जमिनीवर, बाकीची २६ भुयारी. बुलडाण्याच्या माणसाला या मार्गाविषयी आपुलकी वाटायला एक खास कारण आहे. आपल्या घाटावरच्या विहिरी ज्या खडकात खणल्या जातात, त्याच दख्खनच्या खडकातून या बोगद्याचा मोठा भाग गेला आहे.

आपल्या जिल्ह्यात कुणालाही विचारा, तो जिल्ह्याचे दोन भाग सांगेल: घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजाकडे विहीर खणायला घेतली की वरची काळी माती लवकर संपते. मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. तिथं कुदळ हरते आणि सुरुंग लावावा लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मामला निराळा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे नदीनं आणून टाकलेला गाळ, चिकणमाती आणि वाळू यांचे थर काही ठिकाणी शंभर मीटरहूनही खोल जातात. खणायला सोपं, पण काठ ढासळतो; आणि खारपाणपट्ट्यात पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही.

जगातल्या भुयारी रेल्वेला याच दोन तऱ्हांच्या जमिनींशी झुंजावं लागलं आहे. एक मऊ, एक कठीण.

लंडनच्या वाट्याला मऊ जमीन आली, आणि तीही चांगल्या जातीची. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली, तेव्हा तंत्र साधं होतं. रस्ता उकरायचा, विटांची कमान बांधायची, वरून माती लोटून रस्ता पुन्हा करायचा. गाडीला वाफेचं इंजिन, म्हणजे बोगद्यात धूरच धूर. खरा खोल बोगदा आला १८९० मध्ये, विजेच्या गाडीसह. तो शक्य झाला तिथल्या चिकणमातीमुळं. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली ही माती घट्ट आहे, तिच्यातून पाणी झिरपत नाही आणि कापल्यावर ती काही काळ आपल्या जागी उभी राहते. तेवढ्या वेळात कामगार लोखंडी कडी बसवून घेत. थेम्स नदीच्या उत्तरेला भुयारी मार्गांचं जाळं दाट आणि दक्षिणेला विरळ आहे, त्यामागं ही माती उत्तरेकडे सलग मिळते हेही एक कारण आहे. तिचा एक दोष मात्र शंभर वर्षांनी उघड झाला. गाड्यांची उष्णता तिनं शोषली आणि धरून ठेवली. सुरुवातीला १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असलेली बोगद्याभोवतीची माती आता कितीतरी तापली आहे, आणि उन्हाळ्यात तिथल्या जुन्या खोल मार्गांवर प्रवासी घामाघूम होतात.

त्याच १८६३ साली इकडं बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. सह्याद्रीच्या कातळात २५ बोगदे, तेही पहार, घण आणि दारूच्या बळावर. त्या घाटात पटकी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. लंडनचा वर्धापनदिन जग साजरा करतं. बोरघाटातल्या या माणसांची आठवणही त्याच मानानं ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मऊ जमीन नेहमीच लंडनसारखी शहाणी नसते. कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातली पहिली मेट्रो सुरू झाली, तीही रस्ता उकरून, गंगेच्या गाळात. पुढं हुगळीखालून जाणाऱ्या नव्या मार्गाचं काम चालू असताना ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस बऊबाजार भागात बोगदा पाडणारं यंत्र पाणी भरलेल्या वाळूच्या थरात शिरलं. पाणी आणि वाळू बोगद्यात घुसली, वरची जमीन खचली आणि जुनी घरं कोसळली. घाटाखाली विहिरीचा काठ ढासळताना ज्यानं पाहिला आहे, त्याला हे कसं घडलं ते वेगळं समजावून सांगायला नको.

मुंबईत काळा पाषाण आहे म्हणजे काम सोपं, असंही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. मुंबईजवळ हे थर पश्चिमेकडे कलले आहेत, आणि त्यांच्यामध्ये ज्वालामुखीची राख, खडकांच्या तुकड्यांचे थर आणि तळ्यातला जुना गाळ अडकला आहे. वरळीच्या टेकडीतल्या अशाच एका गाळाच्या थरात एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. दोन लाव्हांच्या मधल्या निवांत काळात तिथं डबकी होती, बेडूक होते! या सगळ्यावर पुन्हा माणसानं समुद्रात टाकलेली भर. त्यामुळं एका चौकात दोन-तीन मीटरवर खडक लागतो आणि पुढच्या चौकात बराच खाली जातो.

इथं यंत्राचं काम समजून घेण्यासारखं आहे. बोगदा पाडणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी एक भलंमोठं गोल पातं असतं, आणि त्यावर पोलादी चकत्या. या चकत्या खडक खरवडत नाहीत. पाथरवट एका रेषेत छिन्नीचे घाव घालतो आणि दगड त्या रेषेवर फुटतो, तसंच इथं होतं. प्रचंड दाबानं चकती खडकावर फिरते, शेजारून दुसरी फिरते, दोन्ही चऱ्यांमधल्या भेगा एकमेकींना मिळतात आणि मधली कपची उडते. सलग काळा पाषाण एका चौरस सेंटिमीटरवर हजार किलोहून जास्त भार सोसू शकतो, त्यामुळं चकत्या झिजतात आणि बदलाव्या लागतात. मागोमाग काँक्रीटचे तयार तुकडे जोडून गोल कडं बसतं, त्यामागची फट सिमेंटच्या मिश्रणानं भरली जाते, आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढं सरकतं. खरी कसोटी लागते ती खडक बदलतो तिथं. पात्याचा वरचा अर्धा भाग मुरमात आणि खालचा अर्धा पाषाणात असला की यंत्र एकीकडं ओढतं, चकत्यांचे टवके उडतात आणि वरची माती नको तितकी आत येते.

मुंबईत अशी १७ यंत्रं उतरवली होती. नावं महाराष्ट्रातल्या नद्यांची: गोदावरी, कृष्णा, तानसा. २४ सप्टेंबर २०१८ रोजी पहिला बोगदा आरपार झाला, तो मरोळहून विमानतळाकडे निघालेल्या वैनगंगेनं केला. विदर्भातल्या माणसाला याचा आनंद झाल्यावाचून राहत नाही. शेवटचा, बेचाळिसावा बोगदा ३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मीला आरपार झाला.

गिरगाव आणि काळबादेवीत मात्र स्थानकांसाठी वरून मोठा खड्डा उकरायला जागाच नव्हती. डोक्यावर जुन्या चाळी, दुकानं, अरुंद गल्ल्या. तिथं खालच्या खालीच खडक थोडा थोडा फोडून गुहा केली. दोन-चार मीटर फोडायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, पोलादी खिळे खोल ठोकायचे, मग पुढचा टप्पा. वरच्या इमारती किती मिलिमीटर खचल्या, कुठं कलल्या, किती हादरल्या, हे सतत मोजत राहायचं. माझ्या मते सबंध मार्गावरचं सगळ्यात अवघड काम हेच.

पाण्याचं म्हणाल, तर पाषाणाच्या अंगात पाणी नसतं, ते भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून येतं. हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. लोणारच्या विवरात उतरताना काठाकडे नीट बघा. लाव्हाचे थर एकाखाली एक दिसतात, मध्येच लालसर मातीचा पट्टा येतो. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती तयार झाली आणि मग दुसरा आला, याची ती खूण. वरच्या काठाजवळ गोमुखाची धार वाहते ती अशाच कातळातल्या वाटांनी आलेलं पाणी घेऊन. बोगद्यातही हेच सांधे आधी शोधून बुजवावे लागतात. २६ मे २०२५ रोजी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते मात्र खडकातून आलं नव्हतं. मुसळधार पावसात बांधकाम चालू असलेल्या दारापाशी पाणी अडवणारी भिंत कोसळली आणि रस्त्यावरचं पाणी आत आलं. खडकानं आपलं काम केलं होतं. चूक जमिनीवर झाली होती.

पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट हा भुयारी टप्पाही याच खडकात, मुठेच्या पात्राखालून गेला आहे. सिव्हिल कोर्टचं स्थानक ३३ मीटर खोल असूनही छतातून सूर्यप्रकाश थेट खाली उतरतो.

या सगळ्या कामांची सुरुवात एकाच गोष्टीनं होते. आखलेल्या रेषेवर जागोजागी छिद्रं पाडून खडकाचे नमुने काढतात आणि किती खोलीवर काय लागलं ते लिहून ठेवतात. आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात विहिरी खणल्या जातात, बोअर पाडल्या जातात, पण लागलेल्या थरांची नोंद बहुतेकदा खणणाऱ्याच्या डोक्यातच राहते. तुमच्या शेतात यंदा विहीर किंवा बोअर होणार असेल, तर माती किती फुटांवर संपली, मुरूम किती लागला, पाषाण कुठं आला आणि पाणी कोणत्या सांध्यातून फुटलं, एवढं वहीत लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि दुसरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या बुलडाणा कार्यालयात द्या.