क्रियापदाच्या पोटातले कर्म

टोमॅटो हा शब्द जगाला मिळाला तो मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून. तिथले त्याचे मूळ रूप 'तोमात्ल'. १५२१ मध्ये स्पॅनिश सेनेपुढे अ‍ॅझ्टेकांचे राज्य कोसळले. त्या राज्याची ही भाषा. राज्य बुडाले, भाषा मात्र टिकून राहिली. २०२० च्या मेक्सिकन जनगणनेत तिचे सुमारे साडेसोळा लाख भाषक नोंदले गेले. ही भाषा शिकू पाहणाऱ्याची पहिली झटापट होते ती कर्माशी.

मराठीत 'मी खातो' एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते. काय खातो हे सांगितले तर बरेच, न सांगितले तरी कोणी अडवीत नाही. नाहुआत्लमध्ये ही मोकळीक नाही. 'नि' म्हणजे मी आणि 'क्वा' म्हणजे खाणे. पण या दोहोंची नुसती जोड देऊन भागत नाही. मध्ये कर्माची खूण बसलीच पाहिजे. 'निक्क्वा' म्हणजे 'मी ते खातो'. यातील 'क्' हेच ते 'ते'. मांसाला 'नाकात्ल' म्हणतात. 'मी ते मांस खातो' म्हणताना 'निक्क्वा इन नाकात्ल' असे म्हणावे लागते. मांस हा शब्द उच्चारला म्हणून 'क्' ला सुट्टी मिळत नाही. उलट, नामालाच विभक्तीचा प्रत्यय लागत नाही. तो भार क्रियापदाने उचललेला असतो.

कर्म बदलले की खूणही बदलते. 'निकित्ता' म्हणजे मी त्याला पाहतो, 'निमित्सित्ता' म्हणजे मी तुला पाहतो, 'तिनेचित्ता' म्हणजे तू मला पाहतोस. कोण पाहतो आणि कोणाला पाहतो, हा सारा व्यवहार एकाच शब्दात उरकतो. मराठी क्रियापदही कर्माकडे अगदीच पाठ फिरवीत नाही. 'त्याने आंबा खाल्ला' आणि 'त्याने पोळी खाल्ली' यांत ते कर्माप्रमाणेच वळते. पण तिथे फक्त लिंग आणि वचन कळते. 'मला' की 'तुला' हे त्यातून उमगत नाही. भारतातच याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते संथाळीत सापडते. तिथेही कर्माचे सर्वनाम क्रियापदाला चिकटते.

मग काय खातो हे सांगायचेच नसेल तर? त्याचीही सोय आहे, आणि भाषेची खरी गंमत इथे आहे. कर्म अनिश्चित असेल तर वस्तूसाठी 'त्ला' आणि माणसासाठी 'ते' अशा दोन खुणा ठेवलेल्या आहेत. 'नित्लाक्वा' म्हणजे 'मी काहीतरी खातो', अर्थात 'मी जेवतो'. मराठीत खाणे आणि जेवणे हे दोन धातू जो भेद दाखवतात, जवळजवळ तोच भेद इथे एका अक्षराने साधतो. तिसरी वाटही आहे: 'निनाकाक्वा'. इथे 'नाकात्ल' आपली 'त्ल' ही शेपटी टाकून क्रियापदाच्या पोटात शिरला आहे. अमुक एक मांस नव्हे, तर मांस खाण्याची क्रिया, असा त्याचा रोख.

'ते' आणि 'त्ला' यांची अदलाबदल हे क्षुल्लक स्खलन नव्हे. बोलणारा माणसाविषयी बोलतो की वस्तूविषयी, हेच त्यावर ठरते. 'माच्तिया' म्हणजे शिकवणे. 'नितेमाच्तिया' म्हणजे मी लोकांना शिकवतो. पण 'ते' च्या जागी स्वतःकडे वळणारी 'नो' ही खूण घातली की 'निनोमाच्तिया', मी स्वतःला शिकवतो, म्हणजे अभ्यास करतो. यावरूनच शिक्षकाला 'तेमाच्तियानी' आणि विद्यार्थ्याला 'मोमाच्तियानी' म्हणतात. धातू एकच, गुरू कोण आणि शिष्य कोण, याचा निवाडा मधले अक्षर करते.

हे वर्म सोळाव्या शतकातील मिशनऱ्यांनी ओळखले होते. आलोन्सो दे मोलिना यांचा स्पॅनिश-नाहुआत्ल शब्दकोश १५५५ मध्ये मेक्सिकोत छापला गेला. गोव्यात छापखाना आला त्याच्या पुढच्याच वर्षी. १५७१ च्या वाढवलेल्या आवृत्तीत नाहुआत्लकडून स्पॅनिशकडे जाणारा भागही आला. त्यात मोलिनांनी धातूपुढे 'नित्ला', 'निते' किंवा 'निनो' असे टिपून ठेवले. कोणत्या धातूला कसले कर्म चालते, हे शिकणाऱ्याला त्यावरून लागलीच कळे. लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत वाढलेल्या माणसाने केलेली ही युक्ती दाद देण्याजोगी आहे. पुढे १६४५ मध्ये जेझुइट ओरासिओ कारोची यांचे व्याकरण आले आणि स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्वही त्यात नोंदले गेले. त्याच पंथातील थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यापूर्वी पाचच वर्षे गोव्यातील राचोल येथे छापले गेले होते.

दोन कर्मे असली की मात्र नवशिका गोंधळतो. देण्याच्या क्रियेत 'कोणाला' आणि 'काय' ही दोन्ही आलीच. 'निमित्स्माका' म्हणजे 'मी तुला ते देतो'. इथे 'तुला' ऐकू येते, 'ते' ऐकू येत नाही. दोन निश्चित कर्मे एकत्र आली की 'क्' माघार घेतो. पण देण्याच्या वस्तू अनेक असतील तर त्यांच्या अनेकवचनाची खूण 'मित्स' च्या मागे डोकावते आणि रूप होते 'निमित्सिम्माका'.