गाडीचं अ‍ॅव्हरेज कुठे गळतं?

जाहिरातीत लिटरला बावीस किलोमीटर, शहरात हाती पडतात चौदा-पंधरा. ‘कंपनीने फसवलं’ असं म्हणण्याआधी तो बावीसचा आकडा निघतो कसा, ते पाहायला हवं.

रोलरवरची परीक्षा

भारतात ही चाचणी रस्त्यावर होत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. वेगाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. ७८० सेकंद शहरी चाल, मग ४०० सेकंद मोकळा रस्ता, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. खड्डे नाहीत, घाट नाही, आडवी येणारी रिक्षाही नाही. लागलेलं इंधन धुरातल्या कार्बनवरून काढतात. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्याने दोन मॉडेलांची तुलना करायला हा आकडा चोख आहे. महिन्याच्या पेट्रोलचा खर्च त्यावरून काढायला जाल तर फसाल.

रस्त्यावर काय होतं

शहरात खरा घास घेतात ते सिग्नल. इंजिन चालू, एसी चालू, किलोमीटर शून्य. ब्रेक दाबला की कमावलेला वेग उष्णता होऊन जातो आणि पेट्रोल जाळून तो पुन्हा कमवावा लागतो. दोन किलोमीटरवरच्या मंडईपर्यंत इंजिन धड तापतही नाही, आणि थंड इंजिन जास्त पितं.

हायवेवर शत्रू वेगळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची मुभा आहे आणि चाचणी ९० वरच थांबते. इथे मात्र ती जुनाट झाली आहे, असं माझं मत.

पेट्रोलही बदललं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट.

युरोपातही तेच

तिथे २०१७ पासून अधिक कडक चाचणी आली. तरीही २०२१ साली नोंदलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्षात सुमारे २० टक्के जास्त इंधन खातात, असं युरोपीय आयोगाला गाड्यांमधल्याच नोंदींवरून आढळलं.

आपलं आपण मोजा

पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. तीन-चार टाक्यांची सरासरी धरा. एकाच टाकीच्या हिशोबावर सर्व्हिस सेंटरशी भांडायला जाऊ नका.