नोकरी, घर आणि कॅमेरा

छंद हा रिकाम्या माणसाचा उद्योग, असे आपल्याकडे अजूनही मानले जाते. मुलाने कॅमेऱ्याचा हट्ट धरला की घरातील मोठी माणसे म्हणतात, "आधी नोकरीचं बघ, पक्षी कुठे पळून जात नाहीत." नोकरी लागते, लग्न होते, मुले होतात. मग गावाकडचे घर, आईवडिलांची दवापाणी, नात्यातील निकाह आणि दावती. पक्षी खरोखरच कुठे जात नाहीत. त्यांच्याकडे पाहणारा माणूस मात्र हरवून जातो.

आम्ही दोघेही नोकरी करतो. एकाची मुंबईच्या फोर्ट भागात बँकेची नोकरी, दुसरीची शाळा. मुंब्र्याहून लोकलने जाण्या-येण्यातच रोज अडीच-तीन तास जातात. घरात अम्मी आहेत, दोन मुले आहेत. या सगळ्यात भटकंती आणि वन्यजीवांचे छायाचित्रण कसे जमते, असे अनेक जण विचारतात. जमते, पण त्यासाठी काही नियम घरात सर्वांच्या संमतीने ठरवावे लागतात. ते इथे मांडत आहोत.

आधी घराचा हक्क

सुट्टीचा दिवस एकट्याचा नसतो. त्यावर मुलांचा हक्क असतो, आईवडिलांचा असतो, थकलेल्या शरीराचाही असतो. दर रविवारी कॅमेरा घेऊन निघणाऱ्या माणसाच्या घरात पहिल्या सहा महिन्यांतच कुरबुर सुरू होते, आणि ती रास्त असते. म्हणून आमच्याकडे महिन्यातला एकच रविवार जंगलाचा. त्या रविवारी लग्न निघाले तर कॅमेरा कपाटात राहतो. बाकीच्या रविवारी नातेवाईक, बाजारहाट आणि विश्रांती.

दुसरा नियम पैशाचा. लेन्स महाग असते आणि तिच्यासाठी घरखर्चाला हात लावायचा नाही. आम्ही दोन वर्षे भिशी लावली आणि त्या पैशातून वापरलेला कॅमेरा आणि 70-300 मिलिमीटरची लेन्स घेतली. फोर्टच्या बोरा बाजारात जुन्या-नव्या कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथे वस्तू हाताळून, दोन-चार फोटो काढून, भाव करून घेता येते. सुरुवात करणाऱ्याला यापेक्षा मोठ्या लेन्सची गरज नसते. आधी एक बरी दुर्बीण घ्यावी. ज्याला पक्षी दिसतच नाही, त्याला त्याचा फोटो कसा मिळणार?

फजरनंतरची वीस मिनिटे

छायाचित्रकार ज्या कोवळ्या उन्हासाठी धडपडतात, ते सकाळच्या पहिल्या तास-दीड तासात मिळते. पक्ष्यांचीही हालचाल त्याच वेळी सर्वांत जास्त असते. फजरसाठी उठणाऱ्या घराला ही वेळ आपोआप हाती लागते. नमाजनंतर पुन्हा झोपायचे की वीस मिनिटे गच्चीवर जायचे, एवढाच प्रश्न उरतो.

मुंब्र्यात काय दिसणार, असे वाटेल. पण मागे पारसिकचा डोंगर आहे आणि पुढे खाडी. गच्चीवरूनच घार, तांबट, दयाळ, शिंजीर आणि खंड्या दिसतात. हिवाळ्यात तारेवर वेडे राघू ओळीने बसतात. उडत्या पक्ष्याचा फोटो घ्यायचा तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त ठेवावा लागतो. हे पुस्तकात वाचून कळते, पण हाताला वळण लागते ते घारींवर रोज सराव करूनच. ज्याने घरच्या कावळ्याचा नीट फोटो काढलेला नाही, त्याने ताडोबाला जाऊन वाघाचा फोटो हलवून आणला तर नवल नाही.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातील पक्ष्यांची गणना होते. भारतात ती 2013 पासून सुरू आहे. तिच्यात भाग घ्यायला पंधरा मिनिटे पुरतात. दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर नोंदवायचे. आमची मुलगी वही धरते, मुलगा मोजतो. फोटो चांगला आला नाही तरी नोंद राहते, आणि त्या नोंदी पुढे अभ्यासकांच्या कामी येतात.

रमजानमध्ये लांबचा प्रवास आम्ही टाळतो. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे तो कधी पक्ष्यांच्या हंगामात येतो, कधी भर पावसात. त्या दिवसांत फजरनंतरची गच्ची पुरे.

एका दिवसाची ठिकाणे

वन्यजीव म्हटले की लोकांना वाघच आठवतो. पण नोकरदार माणसासाठी खरा खजिना आहे तो एका दिवसात जाऊन येण्याजोग्या ठिकाणांचा. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 मध्ये ती रामसर पाणथळ ठरली. ऐरोलीच्या केंद्रातून तिथे बोट सुटते, ती भरती-ओहोटी पाहूनच. चांदाची तारीख ठेवणाऱ्या घराला हे गणित सोपे जाते. चांदाच्या पहिल्या आणि चौदाव्या-पंधराव्या तारखेच्या सुमारास मुंबईत मोठी भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, आणि पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी मागे सरकते. त्यावरून कोणता रविवार सोयीचा, हे महिनाभर आधी ठरवता येते. रोहित पक्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि मेअखेरपर्यंत बहुतेक निघून जातात.

पुणेकरांसाठी सोलापूर रस्त्यावरचे भिगवण आहे. उजनीच्या फुगवट्यावर स्थानिक मच्छिमार आपल्या होडीतून पक्षी दाखवतात आणि त्यांनाही चार पैसे मिळतात. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ. मालेगावात यंत्रमागाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. तिथल्या बांधवांना पहाटे निघून गर्दी नसलेल्या दिवशी पक्षी पाहता येतील आणि जुम्म्याची नमाज वाटेतल्या मशिदीत मिळेल.

आपल्यातील अनेकांचे गाव कोकणात आहे. मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडे लग्नासाठी जाणे होतेच. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. तिथे सकाळ-संध्याकाळ वेळ ठरलेली असते. दोरीच्या आत जायचे नाही आणि फ्लॅश वापरायचा नाही. लग्नाच्या प्रवासाला एक सकाळ जोडली की वेगळी रजा लागत नाही.

ताडोबाला आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदाच जातो. तिथे मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते. तेव्हा रजेचा अर्ज देण्याआधी आरक्षण पाहावे. आणि वाघ दिसेलच असे मुलांना कधी सांगू नये. जंगल पाहायला चाललो आहोत, असे सांगावे.

फोटोपेक्षा जीव मोठा

कमी वेळ असलेल्या माणसाला घाई असते, आणि जंगलात घाईसारखा शत्रू नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या जिप्सींमध्ये अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेली माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती. रजा काढून आलेली, पैसे भरलेली, फोटो मिळालाच पाहिजे असे वाटणारी.

म्हणून आमच्या घरात काही गोष्टी ठरलेल्या आहेत. घरट्याचा फोटो काढायचा नाही. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलवायचे नाही. खाऊ टाकून कुणालाही जवळ आणायचे नाही. चालकाला "अजून पुढे घ्या" म्हणायचे नाही. मुक्या जीवावर रहम करायला आपण मुलांना शिकवतो. ती शिकवण कॅमेरा हातात असतानाच कसाला लागते.

कामातून वाट काढलेली माणसे

डॉ. सलीम अली आपल्या सर्वांना माहीत आहेत. 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी ब्रह्मदेशात घरच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायात होते, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. तिथे धंदा सांभाळताना ते पक्षी पाहत होते. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील नोकरी गेली, तेव्हा ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा गाजलेला अभ्यास केला. त्या अभ्यासामागे तहमीना यांची साथ होती. घरातून साथ असेल तर छंद ओझे होत नाही, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

त्यांचे स्नेही लोक वान थो हे सिंगापूरचे मोठे उद्योजक, चित्रपटगृहांचे मालक. व्यवसायाच्या धबडग्यातून वेळ काढून ते सलीम अलींबरोबर भारतात हिंडले आणि पक्ष्यांची उत्कृष्ट छायाचित्रे काढली. 1964 मध्ये तैवानमधील विमान अपघातात ते गेले, तेव्हा ते पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. निवृत्तीनंतर पाहू, असे त्यांनी म्हटले असते तर ती छायाचित्रे निघालीच नसती.

काढलेल्या फोटोंचे काय?

शेवटचा नियम रविवारच्या रात्रीचा. चारशे फोटोंतून दहा ठेवायचे, बाकीचे पुसायचे. ठेवलेल्यांना तारीख, ठिकाण आणि पक्ष्याचे नाव द्यायचे. हे काम मुलांबरोबर केले की तासाभरात होते आणि अम्मींनाही बसल्या जागी सफर घडते. गुडघ्यांमुळे त्या खाडीपर्यंत येऊ शकत नाहीत, पण रोहित आणि बगळा यांतला फरक त्या आता आमच्या आधी सांगतात.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. सुरुवात करायची असेल तर यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. कॅमेरा नसला तरी चालेल. फजरनंतर मुलाला हाताशी धरून गच्चीवर जा आणि पंधरा मिनिटे काय दिसते ते वहीत लिहा.